काकूंचे विल्यमराव

नवव्या महिन्यात डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, आणि न्यूयॉर्कच्या जानेवारीत फुटपाथवर बर्फ गोठलेलं. आईला येणं जमलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकू एका सकाळी कोट चढवूनच दारात उभ्या राहिल्या. “चल, छपराखाली चालू.” उभा जन्म बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स म्हणून गेलेला; त्यांना नाही म्हणायची माझी काय टाप!

मेट्रोपॉलिटन म्युझियममधली आमची फेरी संपायची इजिप्तच्या दालनात, वीतभर लांबीच्या एका निळ्या पाणघोड्यापाशी. मेइर या ठिकाणच्या थडग्यातला, सुमारे 3,900 वर्षांपूर्वीचा. मातीचा वाटतो, पण आहे फायान्सचा: गारगोटीची पूड मळून घडवलेला, निळाई तांब्याची. अंगभर काळ्या रेघांची कमळं. नदीच अंगावर घेऊन उभा. 1931 साली ‘पंच’ साप्ताहिकातल्या एका लेखाने त्याचं ‘विल्यम’ हे नाव रूढ केलं. काकूंचे ते विल्यमराव.

“पाय बघ त्याचे.” चारांपैकी तीन नंतर बसवलेले. मूळचे मुद्दाम मोडले होते. नाईलमध्ये पाणघोडा होड्या उलथवायचा. थडग्यातल्या माणसाला त्याने त्रास देऊ नये, म्हणून ही तजवीज. तरी तो सोबत हवाच होता, कारण रात्री मिटून सकाळी उमलणाऱ्या त्या कमळांसारखंच माणसालाही पुन्हा उमलायचं होतं.

आणि त्याच इजिप्तमध्ये बाळंतिणीची राखण करणारी देवी, तावेरेत, तीही पाणघोड्याच्या रूपातली! पोट पुढे आलेलं, पंजे सिंहाचे, शेपूट मगरीची. तिचे ताईत लोक अंगावर बाळगत. मला ते अजब वाटलं. काकूंना मुळीच नाही. “पिल्लाजवळ कुणी फिरकलं तर मादी काय करते? मग दाराशी तीच नको का? आपल्याकडे वाघोबाला पुजतातच की.”

कळा सुरू झाल्या त्या रात्री काकू माझी कंबर दाबत बसल्या होत्या. काय आणि कसं फेडायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

बारशाला त्यांनी म्युझियमच्या दुकानातला छोटा निळा पाणघोडा आणला. वर्षभरात लेकीने तो आपटून एक पाय मोडला. मी ओशाळून फोन केला.

“डिंक लावू नकोस गं,” काकू म्हणाल्या, “आता खरा झाला.”