भाड्याच्या इमारतीचे तळघर: स्वित्झर्लंडमधील वहिवाट

स्वित्झर्लंडमधील निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याच्या घरात राहतात आणि अशा बहुतेक इमारतींखाली सामायिक तळघर असते. धुलाईची खोली, कपडे वाळवायची खोली, प्रत्येक बिऱ्हाडाचा अडगळीचा कप्पा, सायकली, घर तापवणारी यंत्रणा आणि पुष्कळदा हवाई हल्ल्यापासून बचावाचा निवारा, एवढे सगळे त्यात मावते. जागा ऐसपैस असते म्हणून हे जमत नाही. कोणती जागा कोणाची, किती वेळ, आणि सोडताना ती कशी असावी, हे आधी ठरलेले असते म्हणून जमते.

सर्वांत जास्त राबता धुलाईखोलीत. अख्ख्या इमारतीत मिळून एक-दोन मशीन आणि दारावर वेळापत्रक. जुन्या वहिवाटीत प्रत्येक बिऱ्हाडाला ठरलेला दिवस असे आणि त्या दिवसापुरती किल्ली त्याच्याकडे येई; आता अनेक ठिकाणी मोबाइलवरून वेळ नोंदवतात. ह्यूगो लोएत्शर या स्विस लेखकाच्या १९८३ मधील पुस्तकाच्या नावातच धुलाईखोलीची किल्ली आहे, इतकी ती तिथल्या जगण्यात मुरलेली. रात्री उशिरा आणि रविवारी मशीन लावायचे नाही, हा नियमही बऱ्याच इमारतींत टिकून आहे. पाळी संपली की दाराचे रबर पुसायचे, साबणाचा खण धुवायचा, फिल्टरमधली तुसे काढायची आणि मशीनचे दार किलकिले ठेवायचे. भांडणे होतात ती याच तुसांवरून, नाहीतर दोरीवर राहिलेल्या दुसऱ्याच्या कपड्यांवरून. धुण्याला दोन तास पुरतात, वाळायला त्याच्या कितीतरी पट लागतात. त्यामुळे वाळवणाची वेळ धुण्याच्या पाळीला जोडून न देणारे वेळापत्रक कागदावर कितीही नेटके दिसो, ते चालत नाही. विजेचा हिशेब कार्डाने किंवा बिऱ्हाडवार मीटरने व्हावा हे उत्तम. सामायिक खर्च भाड्याव्यतिरिक्त घ्यायचा तर तिथल्या कायद्यानुसार तो करारात स्पष्ट नमूद असावा लागतो.

अडगळीचे कप्पे अनेकदा निवाऱ्यातच असतात. १९६३ च्या संघीय कायद्याने नव्या घरांखाली निवारे बांधणे बंधनकारक केले, आणि आज देशात जवळपास साऱ्या लोकसंख्येला पुरतील इतक्या, सुमारे ९० लाख जागा आहेत. हिशेब माणशी १ चौरस मीटरचा. आता निवाऱ्यांची उणीव असलेल्या भागात ३८ किंवा अधिक खोल्यांच्या नव्या इमारतीलाच तो बांधावा लागतो. शांततेच्या काळात निवाऱ्यात लाकडी पट्ट्यांचे कप्पे करून ट्रंका, स्की, वाइनच्या बाटल्या ठेवायला मुभा असते. मात्र काँक्रीटचे जाड दार काढायचे नाही, भिंतीला भोक पाडायचे नाही, हवा खेळवणाऱ्या यंत्राला व त्याच्या गाळणीला हात लावायचा नाही. आदेश निघाल्यास पाच दिवसांत निवारा रिकामा करता आला पाहिजे. कप्पे खिळ्यांऐवजी स्क्रूने जोडणे म्हणूनच शहाणपणाचे.

सामानाची खरी वैरीण ओल, आणि ती बऱ्याचदा चांगल्या हेतूने आत आणली जाते. उन्हाळ्याच्या दुपारी तळघर कोंदट वाटते म्हणून कोणीतरी खिडकी उघडते. बाहेरची हवा ३० अंशांची आणि ५० टक्के आर्द्रतेची असेल, तर १८ अंशांच्या आसपास तिच्यातले पाणी सुटू लागते. तळघराची भिंत १५-१६ अंशांवर असते. ती हवा भिंतीला लागली की भिंतीला घाम फुटतो आणि तिला टेकलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्याला मागून काळी बुरशी धरते. तेव्हा उन्हाळ्यात खिडक्या रात्री किंवा पहाटे उघडाव्यात, दिवसा बंद ठेवाव्यात. सामान भिंतीपासून चार बोटे दूर आणि फळीवर ठेवावे. कपडे व पुस्तके झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्यांत.

वाटेत काहीही ठेवू नये, कारण आग लागली तर तीच सुटकेची वाट. पेट्रोल आणि गॅसच्या टाक्या तळघरात नकोतच. तेलाची भट्टी जाऊन उष्णतापंप आला की तेलाच्या टाकीची खोली मोकळी होते; ती सायकलींना द्यावी, कारण विद्युत सायकली जड असतात आणि जिन्यावरून चढवणे अवघड. हौशी कामाची खोली काही ठिकाणी वेगळ्या भाड्याने मिळते, पण तिथे झोपायची सोय करता येत नाही.

ओलीमुळे किंवा यंत्र बंद पडल्याने वापर खुंटला, तर भाडेकरूला भाड्यात सूट मागता येते. न मिटलेला वाद भाडे-समेट मंडळापुढे जातो. तिथे शुल्क नसते. घर सोडताना खोल्यांबरोबर कप्प्याचीही पाहणी होते, आणि तो रिकामा, झाडलेला असेल तरच किल्ली परत घेऊन यादीवर तशी नोंद करतात.