अम्जांचं देणं

बर्लिनच्या नोयकॉल्न भागात मी शिकायला राहिले, तेव्हा दोन्ही वेळ नीट जेवू शकले याचं श्रेय एका तुर्की दुकानदाराला आहे. मी त्यांना अम्जा म्हणत असे. तुर्की माणसं काकांना अशीच हाक मारतात. ते मला 'कझम' म्हणत, म्हणजे लेकी. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. पण त्यांच्याकडून जे घेतलं ते कुठेतरी लिहून ठेवावं, असं फार दिवस मनात होतं.

मी २०२१च्या ऑक्टोबरात बार्शीहून गेले. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच एका बंदिस्त खात्यात भरावे लागतात. त्या वर्षी ही रक्कम १०,३३२ युरो होती आणि त्यातून महिन्याला ८६१ युरोच हातात येत. बाबांनी कर्ज काढून ती भरली होती. खोलीचं भाडं, शंभर युरोंहून थोडा जास्तच पडणारा आरोग्य विमा आणि फोन एवढं गेलं की उरेल त्यात महिनाभर खायचं. कागदावर ते जमण्यासारखं होतं. पण मला बाजार करता येत नव्हता. बार्शीत किराणा यादी पाठवली की घरी येई, आणि भाजी आई आणी. मेथीची जुडी उलटीपालटी करून भाव विचारावा, एवढंही मी कधी केलं नव्हतं.

पहिले काही आठवडे मी प्रत्येक वस्तूची किंमत मनात रुपयांत करत असे. एका युरोला पंच्याऐंशी-नव्वद रुपये. सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या मोजक्या काड्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेल्या असत. तिचा भाव रुपयांत केला की हात मागे येई. मग भाजी घ्यायचीच नाही, पाव आणि बटाट्यावर भागवायचं. दुसरीकडे घरच्या चवीची आठवण आली की भारतीय दुकानातून तूरडाळ आणि कणीक आणायची. ती इतक्या लांबून आलेली, त्यामुळे तिचा भाव तसाच. महिन्याच्या मध्यावर पैसे संपत. आईनं सोबत दिलेलं मेतकूट, गोडा मसाला आणि आमसुलं होती. तूप मात्र नेता आलं नव्हतं, कारण प्रवाशानं सोबत दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. कढीपत्ताही नाही. ताजा पाला न्यायचा तर तो रोगमुक्त असल्याचं प्रमाणपत्र लागतं, असा नियम तिथे २०१९च्या डिसेंबरपासून आहे. फोनवर आई विचारी, काय जेवलीस? मी काहीतरी सांगे.

अम्जांचं दुकान माझ्या खोलीपासून जवळ, रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. बाहेर फळा-भाज्यांचे खोके, आत धान्याच्या पिशव्या, चीज, ऑलिव्ह. मी तिथून फक्त पाव नेत असे. एक दिवस पैसे घेताना त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे घरी काय रांधतात?" बर्लिनमध्ये तोवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की डाळ, भात, पोळी, एखादी भाजी. ते गल्ल्यामागून उठले आणि मला आत घेऊन गेले.

तिथे एका फळीवर मसुराची डाळ होती. आपली तीच केशरी डाळ. तुर्की लोक तिचं सूप करतात, म्हणून ती त्यांच्या प्रत्येक दुकानात किलोकिलोच्या पिशव्यांत मिळते. शेजारी इर्मिक, म्हणजे रवा. त्याच्या खाली बुल्गुर, उकडून वाळवलेल्या गव्हाचा भरडा, जो आपल्या दलियासारखा शिजतो. छोले, पांढरे वाल, तीळ, चिंच. बाहेरच्या खोक्यांत भेंडी, वांगी, पालक, लांब हिरव्या मिरच्या, आणि सुपरमार्केटातल्या डबीपेक्षा कमी पैशांत मिळणारी मूठभर जाड कोथिंबिरीची जुडी. हे सगळं मी पाव घ्यायला येता-जाता पाहिलं होतं, पण ते माझ्या कामाचं आहे हे मला कळलं नव्हतं. त्या रात्री मसुराची आमटी केली, गोडा मसाला आणि आमसूल घालून. ती तुरीच्या आमटीसारखी होत नाही. पण ती आमटी होती, आणि मी पोटभर भात खाल्ला.

त्यानंतर अम्जांनी मला भाव वाचायला शिकवलं. जर्मनीत दुकानदाराला वस्तूच्या किमतीखाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भावही लिहावा लागतो, तसा कायदा आहे. मी मोठा आकडा पाहून स्वस्त-महाग ठरवत होते. त्यांनी बोट ठेवून बारीक आकडा दाखवला. "आधी हे वाच. पाकीट लहान-मोठं असतं, किलो सगळीकडे किलोच असतो." ते मला दोन पाकिटं हातात देत आणि सांग म्हणत. रुपयांचा हिशेबही त्यांनीच सोडवला. म्हणाले, "तू कमावणार युरो, भाडं देणार युरोत. मग कोथिंबीरच तेवढी रुपयात का घेतेस?"

त्यांची एक गोष्ट मला आजही थोर वाटते. दूध, साखर, मीठ, मैदा असल्या वस्तू ते मला स्वतःच्या दुकानातून घेऊ देत नसत. समोरच्या चौकात आल्डी होतं, तिकडे पाठवत. आल्डी हे एसेन शहरातल्या आल्ब्रेख्त भावांचं दुकान. आईच्या छोट्या किराणा दुकानापासून सुरुवात करून त्यांनी १९६२ मध्ये मोजका माल, सजावट नाही, सगळं खोक्यांतूनच विकायचं, अशा पद्धतीचं पहिलं दुकान उघडलं. आज जर्मनीभर त्या पद्धतीची दुकानं आहेत आणि एकट्या दुकानदाराला त्यांच्या भावात दूध विकणं शक्य नाही. अम्जा हे सरळ सांगत. "मला तो भाव जमत नाही. तुझा युरो तिकडे वाचव, भाजी माझ्याकडून ने." गिऱ्हाइकाला समोरच्या दुकानात पाठवणारा दुकानदार मी त्याआधी पाहिला नव्हता.

पोळीचा प्रश्न त्यांच्या पत्नीनं सोडवला. त्यांना मी तेय्झे म्हणायची, म्हणजे मावशी. जर्मन पिठाच्या पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. शंभर ग्रॅम पिठात किती मिलिग्रॅम खनिजं उरतात त्याचा तो आकडा. तो जितका मोठा, तितका गव्हाचा कोंडा पिठात जास्त. मी ४०५चं आणून पोळ्या करत होते, आणि त्या मैद्याच्या व्हाव्यात तशाच होत, गार झाल्या की चामट. तेय्झे घरी युफ्का लाटत, आपल्या पोळीहून मोठी आणि पातळ. त्यांनी सांगितलं, ५५०चं आणि आख्ख्या गव्हाचं पीठ निम्मं-निम्मं घे, कोमट पाण्यात मळ आणि झाकून ठेव. त्या वेळी साध्या पिठाचा किलो अर्ध्या युरोच्या आत मिळे. भारतीय दुकानातल्या कणकेच्या पोत्यावरचा माझा खर्च त्या दिवशी थांबला.

शनिवारची संध्याकाळ हा अम्जांच्या दुकानातला माझा मुख्य बाजार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे. त्यामुळे सोमवारपर्यंत न टिकणारा माल शनिवारी उशिरा काढून टाकावा लागतो. मऊ पडलेले टोमॅटो, डाग पडलेली वांगी, पिकलेली केळी यांचा ते एक खोका भरून ठेवत आणि माझ्याकडून एक युरो घेत. एकदा मी म्हटलं, तुम्ही मला हे जवळजवळ फुकटच देता. त्यांना ते रुचलं नाही. "हा भाव आहे. शनिवारी संध्याकाळी सातला या टोमॅटोचा हाच भाव." मला कुठेही मिंधं वाटू नये याची त्यांनी किती काळजी घेतली होती, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. त्याच टोमॅटोंचं सार मी आठवडाभर पुरवत असे. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठी मायबाखउफरला तुर्की बाजार भरतो, तिथे उठायच्या वेळी भाव उतरतात, हेही त्यांनीच सांगितलं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. काही आठवड्यांत जर्मनीतल्या दुकानांतून सूर्यफुलाचं तेल दिसेनासं झालं. ते तेल मोठ्या प्रमाणात युक्रेनमधून येई. फळ्या रिकाम्या, आणि जिथे असेल तिथे माणशी एकच बाटली अशी पाटी. भाव पाहता पाहता दुपटीच्या वर गेला. नेमका त्याच सुमारास मी जिथे अर्धवेळ काम करत होते तिथला पगार अडकला. परदेशी विद्यार्थ्याला तेव्हा वर्षात १२० पूर्ण किंवा २४० अर्धे दिवसच काम करता येई, त्यामुळे लगेच दुसरीकडे जाऊन भरपाई करणंही सोपं नव्हतं. मी दुकानात येणं कमी केलं. अम्जांच्या ते लक्षात आलं. त्यांनी गल्ल्याखालून एक वही काढली. आमच्या बार्शीच्या वाण्याकडे होती तशीच, उधारीची. तुर्कस्तानातही दुकानदाराकडे अशी वही असते. तिच्यात जुनी, शेजारपाजारची नावं होती. त्यांनी एका नव्या पानावर माझं नाव लिहिलं आणि तेलाची एक बाटली माझ्या पिशवीत ठेवली. लिहिलेला भाव जुना होता.

त्या वर्षी २ एप्रिलला गुढीपाडवा होता आणि रमजानचा पहिला रोजाही त्याच दिवशी होता. मी त्यांच्याकडूनच सुझ्मे दही नेलं. ते पाणी काढलेलं घट्ट दही, म्हणजे तयार चक्काच. त्यात साखर, वेलदोडा आणि आईनं पुडीत बांधून दिलेलं केशर घालून श्रीखंड केलं आणि एक डबा दुकानात घेऊन गेले. पावणेआठच्या सुमारास सूर्य मावळला. खजूर आणि पाण्यानं त्यांनी रोजा सोडला आणि मग तेय्झेंनी श्रीखंड वाढलं. दुकानाच्या मागच्या खोलीत मालाच्या खोक्यांवर बसून आम्ही जेवलो. घर सोडल्यापासून सणाच्या दिवशी मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी सोबत जेवत होते.

त्याच रात्री अम्जा त्यांच्या वडिलांबद्दल बोलले. पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात ३० ऑक्टोबर १९६१ रोजी कामगार आणण्याचा करार झाला. त्यानंतर काही वर्षांनी त्यांचे वडील आगगाडीनं आले आणि बर्लिनच्या एका कारखान्यात लागले. एका खोलीत अनेक जण, सामायिक चूल. खायला बुल्गुर आणि डाळ त्यांनी पेटीत भरून आणली होती, कारण इथल्या दुकानात ती मिळत नसे. वांगं दिसत नसे. लसणाच्या वासावरून शेजारी बोलत. १९७३ मध्ये नवी भरती थांबली, मग बायकामुलं येऊन राहू लागली. घर चालवायचं म्हणजे घरचं अन्न हवं, म्हणून काहींनी दुकानं घातली. अम्जांचं दुकान वडिलांनी कारखाना सोडल्यावर टाकलेलं. पहाटे ठोक बाजारात जायचं, खोके उचलायचे, रात्री उशिरा शटर ओढायचं. यात त्यांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या.

मला जी कोथिंबीर सहज, स्वस्तात मिळाली ती अशी मिळाली होती. अर्ध्या शतकापूर्वी कुणीतरी उपऱ्या देशात आपल्या जेवणासाठी अडून राहिलं, म्हणून बार्शीच्या एका मुलीला बर्लिनमध्ये आमटी करता आली. तोवर मी अम्जांच्या चांगुलपणाची ऋणी होते. त्या रात्रीपासून मी त्यांच्या वडिलांचीही ऋणी झाले.

पुढे भाव आणखी चढत गेले. मार्च २०२३ मध्ये जर्मनीतलं अन्न वर्षभरापूर्वीपेक्षा २२.३ टक्क्यांनी महाग झालं होतं. माझा अडकलेला पगार मिळाला, वहीतलं पान फिटलं, शिक्षण संपलं, नोकरी लागली. खोली बदलून मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले, तरी शनिवारी तिकडे जात राहिले. अम्जांच्या मुलांनी वेगळी कामं धरली होती आणि जागेचं भाडं वाढत होतं. गुडघे थकले तेव्हा त्यांनी दुकान आवरलं. आता वर्षातले काही महिने ते दोघं आपल्या गावी असतात. फोन केला की अम्जा अजूनही पहिल्यांदा विचारतात, काय रांधलंस? आता मी त्यांना खरं सांगते.

आता बंदिस्त खात्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात, पण भाडी आणि भाव त्याच्या पुढेच आहेत. पुण्या-नाशकाची, लातूरची मुलं येतात आणि मला विचारतात, सामान कुठून घेऊ? त्यांना मी सांगते तेच इथे लिहिते. पीठ, दूध, साखर स्वस्त साखळी दुकानातून घ्या आणि किलोचा भाव वाचा. डाळ, रवा, भाजी, दही यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या तुर्की किंवा अरब दुकानात जा. आत जाऊन आधी नमस्कार करा, आपण घरी काय रांधतो ते सांगा आणि त्यांना त्यांचं विचारा. शक्यतो रोख पैसे द्या, कार्डाचा खर्च त्यांना जड जातो. आणि कुणी वहीत तुमचं नाव लिहिलंच, तर हातात पैसे येतील त्या दिवशी, भाडं भरण्याच्याही आधी, ते पान फेडा.