खोलीचा आवाज

शूटिंग आटोपलं की सामान आवरण्याआधी मी सगळ्या युनिटला एक मिनिट गप्प उभं करते. मोबाइल बंद, कोणी जागचं हलायचं नाही. साउंड रेकॉर्डिस्ट त्या खोलीचा नुसता आवाज टिपतो. त्याला आम्ही रूम टोन म्हणतो. एडिटिंगला बसल्यावर दोन संवादांमधली फट याच आवाजानं भरतात. तिथे कोरी शांतता ठेवली, तर कान ठेचकाळतो.

फिल्म, लेखन आणि पॉडकास्ट यांतलं तुझं खरं काम कोणतं, असं लोक विचारतात. मला ते एकच काम वाटतं. गोष्ट कोणाची आणि ती कोणापर्यंत जायला हवी, हे कळलं की माध्यम ठरतं. ही समज मला दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांच्यामुळे आली. वस्तीतल्या बायकांवरचं आपलं संशोधन त्या बायकांनाच वाचता येणार नाही, हे जाणवलं आणि त्या कॅमेऱ्याकडे वळल्या. १९८५ मध्ये त्यांचा ‘बाई’ हा लघुपट आला. पुढे सुनील सुकथनकरांच्या साथीनं केलेल्या ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं.

जत्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवलेल्या एका काकांवर मला फिल्म करायची होती. पण तंबू उरला नव्हता, मशीन भंगारात गेलं होतं. दाखवणार काय? मग पॉडकास्ट करायचं ठरवलं आणि त्यांच्याच घरी खिडकीला गोधडी लावून माइक ठेवला. प्रोजेक्टरमधल्या कार्बनच्या कांड्या जळतात तसं त्यांच्यातलं अंतर वाढतं. ते एक चकती फिरवून सतत सांभाळावं लागतं, नाहीतर पडद्यावर अंधार. हे सांगताना काकांची बोटं हवेत ती चकती फिरवत होती. “शेवटचा खेळ कोणता लावलात?” विचारल्यावर ते अकरा सेकंद बोललेच नाहीत. मी ते कापलं नाही. मागे भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं, तेवढंच. बोटं मात्र पॉडकास्टमध्ये ऐकू येणार नव्हती. त्या बोटांसाठी लेख लिहिला.

एकाच माणसानं फिल्मही करायची आणि लिहायचंही, हे काही नव्या जमान्याचं खूळ नव्हे. भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून दादासाहेब फाळक्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ महिनाभर चित्रित केली. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायच्या, ती धुवायच्या. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि १९१७ मध्ये हेच फाळके ‘नवयुग’ मासिकात चित्रपटावर लेखमाला लिहू लागले.

पॉडकास्टवर माझं घर चालत नाही. ते कार्यशाळा आणि सबटायटल्सच्या कामावर चालतं. फिल्म पुरी होते, पण पडदा मिळत नाही. माझ्या गेल्या फिल्मला सकाळी नऊचा एकच खेळ मिळाला, तोही तीन दिवस. हे बदलायला हवं, आणि ते प्रेक्षकांनी पहिल्याच दिवशी तिकीट काढल्याशिवाय बदलणार नाही.

या दिवाळीत घरी म्हातारं माणूस असेल, तर फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा. फटाके थांबल्यावर, पंखा बंद करून. आणि बोलणं संपल्यावर रेकॉर्डिंग लगेच थांबवू नका. एक मिनिट तसंच चालू ठेवा.