सैरंध्रीचे दिवस

अपमान झालेली बाई परत येते, ही गोष्ट तीन टप्प्यांत चालते. ती पडते, दिसेनाशी होते आणि परतते. लोकप्रिय कथा-कादंबऱ्यांत लेखकाची बहुतेक मेहनत पहिल्या टप्प्यावर आणि तिसऱ्यावर खर्च होते, कारण रडणे आणि टाळ्या तिथेच असतात. वाचकाला धरून ठेवतो तो मात्र मधला टप्पा. त्या काळात ती खरी कोण, हे गोष्टीतल्या कोणालाच ठाऊक नसते. ते तिला ठाऊक असते आणि वाचकाला. दोघांमधल्या या गुपितावरच पुढचा सूड उभा राहतो.

मधल्या टप्प्याचे जुने आणि अजूनही सरस नमुने वऱ्हाडाच्या मातीशी जोडलेले आहेत. महाभारतात दोन राण्या सैरंध्री होतात, म्हणजे दुसऱ्या राणीची वेणीफणी करणारी दासी. त्यांतली दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यातले, वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते. दुसरी द्रौपदी. तिच्यावर हात टाकणाऱ्या कीचकाला भीमाने मारून ज्या दरीत फेकले ती कीचकदरा, आणि त्यावरूनच चिखलदरा हे नाव पडले, असे मेळघाटात सांगतात. जवळच्या वैराटला ते विराटनगरी म्हणतात.

दोन्ही राण्या कामावर लागताना अटी घालतात. आपण उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही. रस्त्यावरून आलेली, अंगावर धड वस्त्र नसलेली दमयंती चेदीच्या राजमातेला अटी सांगते, तेव्हाच ऐकणारा ओळखतो की ही दासी नव्हे. पात्राचा मूळ दर्जा सांगायला याहून कमी शब्दांत भागवता येणे अवघड आहे.

पुढे मात्र दोघींच्या वाटा फुटतात. द्रौपदी कीचकाला रात्री नृत्यशाळेत बोलावते, पण त्याला मारतो भीम. या कथेचा जोर किती, हे १९०७ साली दिसले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकातल्या कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि पुढे सरकारने नाटकावर बंदी घातली. तरी कारागिरीच्या हिशेबाने त्यात एक उणीव राहतेच. सूड तिचा असला तरी हात दुसऱ्याचा आहे. हिंदी चित्रपटांनी हीच उणीव वर्षानुवर्षे जपली. तिथे बहिणीचा अपमान भाऊ फेडत आला.

दमयंती दुसऱ्या कोणाच्या हातावर विसंबत नाही. तिच्या नवऱ्याने, नलाने, तिला अर्धे वस्त्र कापून रानात झोपेतच सोडले होते. माहेरी परतल्यावर तिने त्या कापलेल्या वस्त्राची आठवण देणारे प्रश्न ब्राह्मणांकरवी गावोगाव फिरवले. अयोध्येत बाहुक नावाच्या सारथ्याने त्यांना उत्तर दिले, आणि तेवढ्यावरून तिने त्याच्यातला नल हेरला. मग वडिलांना अंधारात ठेवून, फक्त आईला विश्वासात घेऊन, तिने अयोध्येच्या ऋतुपर्णाला निरोप धाडला की उद्या सूर्योदयाला दमयंतीचे दुसरे स्वयंवर आहे. शंभर योजने एका दिवसात कापू शकेल असा सारथी एकच. बायकोला टाकून गेलेला नवरा तिच्याच दुसऱ्या लग्नाला रथ हाकत निघाला. या कथेतला सूड एवढाच, आणि तो पुरतो. रक्ताचा थेंब सांडत नाही, पण वाटेतला प्रत्येक कोस त्याला मोजावा लागतो.

तो कुंडिनपुरात पोहोचतो तेव्हा मंडप नाही, पाहुणे नाहीत. तरीही ती लगेच समोर येत नाही. दासी केशिनीला पाठवून त्याला पारखते, त्याने रांधलेले मांस मागवून चव घेते, मुलांना त्याच्यापुढे पाठवते. परतणाऱ्या बाईची गोष्ट कुठे घडावी, याचा धडा इथेच मिळतो. त्याला तिच्या दाराशी यावे लागते. रुक्मिणीही याच कुंडिनपूरची लेक. ती द्वारकेहून रुसून दिंडीरवनात आली आणि कृष्णाला तिच्यामागे पंढरपूरला यावे लागले, ही कथा वारकऱ्यांच्या तोंडी आहे.

हीच गोष्ट पडद्यावरही आली. १९८८ चा ‘खून भरी माँग’ हा चित्रपट ‘रिटर्न टू ईडन’ या ऑस्ट्रेलियन मालिकेवरून घेतलेला. नवरा रेखाला मगरीच्या तोंडी देतो, ती वाचते आणि प्लास्टिक सर्जरीने नवा चेहरा घेऊन परतते. गुपित तेच, पण मधला काळ शस्त्रक्रियेच्या टेबलावर आटोपतो आणि ताकद रूपातून येते. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ ही झी मराठीवरची मालिका या बाबतीत जास्त शहाणी होती. नागपूरची राधिका, तिची वैदर्भी बोली आणि तिचे स्वयंपाकघर नवऱ्याला गावंढळ वाटे. तिने त्याच स्वयंपाकघरातून मसाल्यांचा धंदा उभा केला. ज्याची टिंगल झाली तेच हत्यार झाले. अशा वेळी अकोल्याच्या घरात टीव्हीपुढून ‘आला ना आता ठिकान्यावर!’ असा उद्गार आपोआप निघतो. मालिका पुढे वर्षानुवर्षे ताणली गेली आणि परतणे इतक्यांदा झाले की त्याची धार गेली, हा भाग वेगळा.

लांबण लावण्याची कलाही इथल्या बायकांना नवी नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. तिच्या एका गाण्यात सून माहेरी जायला विचारते आणि सासू तिला आधी कारल्याची बी पेरायला लावते. मग वेल, मग फूल, मग कारले, मग भाजी. काही पाठांत शेवटी सुनेची वेणी घातली जाते आणि तिला सोडले जाते. दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईच्या केसांना अखेर फणी लागते. गाणाऱ्या मुलींना सैरंध्री आठवत नसेल, पण घाट तोच आहे.

हा घाट नाकारणारी लेखिकाही याच मुलखाने दिली. गीता साने यांचा जन्म १९०७ साली वाशीमचा, म्हणजे तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातला. ‘निखळलेली हिरकणी’, ‘वठलेला वृक्ष’ अशा कादंबऱ्यांतून त्यांनी १९३० च्या दशकातच स्त्रीच्या लग्नातल्या दुय्यमपणावर थेट बोट ठेवले. नवऱ्याला शरण आणणे हा त्यांच्या लेखनाचा विषय नव्हता. संसाराच्या चौकटीलाच त्यांनी प्रश्न विचारले. पुढे फूलनदेवीचे नाव कोणी ऐकलेही नव्हते तेव्हा त्यांनी ‘चंबळची दस्युभूमी’ लिहिले. त्यांच्या कादंबऱ्या विचार करायला लावतात, पण रात्री जागवत नाहीत. रात्र जागवते ती हिशेब चुकता होण्याची वाट.

तो हिशेब कोणत्या वेशात चुकता करावा, यावर आजचे लेखक ठेच खातात. ते नायिकेला आधी नवी साडी नेसवतात, मग दार उघडतात. दमयंती चेदीत दासी असताना तिच्या भुवयांमधली खूण सुदेव ब्राह्मणाने मळाखालूनच ओळखली होती. पुढे नलासमोर ती उभी राहते तेव्हाही तिच्या अंगावर काषाय वस्त्र आहे, केसांच्या जटा आहेत, देहावर तोच मळ आहे. झोपलेल्या बायकोला रानात टाकून जाणारा माणूस कधी पाहिलास का, हे ती त्याला त्याच वेशात विचारते. न्हाणे त्यानंतर.