पंचाहत्तर मिलिमीटरवरची आई

2019 मध्ये बाबा गेले आणि तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की घरात त्यांचा एकही धड फोटो नाही. हार घालायला फोटो तर हवाच. शेवटी मामेभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून बाबांना कापून काढलं आणि मोठं केलं. आजही डोंबिवलीच्या आमच्या हॉलमध्ये बाबा जरा धूसर हसतात आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे. तो नक्की कुणाचा, यावर नातेवाइकांत अजून एकमत नाही.

मास कॉमची डिग्री घेतलेली, गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारी मुलगी घरात असताना ही अवस्था! तेव्हाच ठरवलं, आईचा एक नीट फोटो काढायचा. का, ते तिला अर्थातच सांगायचं नाही.

माझा कॅमेरा म्हणजे व्हॉइग्टलँडर बेसा-आर. नाव जर्मन, पण बनवला जपानच्या कोसिना कंपनीनं, 2000 साली. मी ट्रेनी असताना ऑफिसातल्या एका सीनिअर फोटोग्राफरनं तो मला अगदी स्वस्तात दिला, 35 मिलिमीटरच्या लेन्ससकट. हा रेंजफाइंडर. म्हणजे यात तुम्ही लेन्समधून बघतच नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून बघता. मधोमध एक फिकट चौकोन असतो, त्यात समोरचं सगळं दोन-दोन दिसतं. लेन्सची रिंग फिरवत राहायची. दोन आया एकमेकींवर बरोब्बर बसून एक आई झाली, की फोकस! आईच्या चष्म्याची उभी कड यासाठी बेस्ट.

लोच्या होता तो लेन्सचा. 35मध्ये रस्ता, लोकल, मोर्चे सगळं झकास येतं. पण या कॅमेऱ्याचा फोकस 90 सेंटीमीटरच्या अलीकडे जुळतच नाही. तिथून काढलेल्या फोटोत आई छोटी आणि फ्रीज मोठा. शिवाय हातभर अंतरावर कुणी कॅमेरा रोखला, की आई थेट आधार कार्डवरचा चेहरा करते. मग काय, लांबून काढा आणि नंतर कापून मोठा करा? म्हणजे पुन्हा बाबाच.

तर मला हवी होती छोटी टेलिफोटो. 75 ते 100 मिलिमीटरमधली, पर्समध्ये मावणारी आणि फ्रीलान्सरला झेपणारी. या तिसऱ्या अटीवर माझी बरीच प्रेमप्रकरणं संपली.

पहिलं प्रेम मात्र पैशांमुळे नाही तुटलं. 1973 साली लायकाचा छोटा सीएल कॅमेरा आला, त्याच्यासाठी केलेली 90 मिलिमीटर एफ-4ची एल्मार-सी. इवलीशी, हलकी, लायकाच्या मानानं गरिबांची. मी पैसेही बाजूला काढले होते. मग एका मित्रानं विचारलं, “बसवणार कशी?” माझ्या बेसाला आट्यांचा, स्क्रूचा माउंट. एल्मार-सीला बेयोनेट. स्क्रूवाली लेन्स रिंग लावून बेयोनेटच्या कॅमेऱ्यावर बसते, उलटं नाही होत. लेन्सच्या आधी कॅमेऱ्याचं तोंड बघावं, एवढी साधी गोष्ट मला लाज वाटेपर्यंत सुचली नव्हती.

मग फोर्टात बोरा बाजारची वारी. तिथे एका दुकानात ज्युपिटर-9 होती. रशियन, 85 मिलिमीटर, एफ-2. युद्धाआधीच्या झाइस सोनारच्या डिझाइनवर बेतलेली. पोर्ट्रेट म्हणाल तर लोणी! किंमतही सॉलिड कमी. दुकानदारानं सांगितलेली किंमत ऐकून मी मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या आरपार मारला आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली. फंगस. मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात बंद राहिलेल्या काचेचं हे ठरलेलं दुखणं. “साफ होऊन जाईल, मॅडम,” ते म्हणाले. होतंही कधी कधी. पण फंगसनं कोटिंग खाल्लं असेल, तर डाग राहतोच.

फंगस नसता तरी ती माझ्या कॅमेऱ्यावर चालली नसती, हे मला घरी येऊन गणित केल्यावर कळलं. रेंजफाइंडरचा अचूकपणा दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले व्ह्यूफाइंडरचं मॅग्निफिकेशन, यावर ठरतो. बेसा-आरमध्ये 37 मिलिमीटर गुणिले 0.68, म्हणजे जेमतेम 25. लायकाच्या 1954 सालच्या एम-3मध्ये हाच आकडा 60च्या वर जातो. आणि 85ची लेन्स एफ-2वर उघडी ठेवली, तर दीड मीटरवर साधारण चार सेंटीमीटरच शार्प राहतात. त्यात रशियन लेन्सचं माप लायकाच्या मापापेक्षा किंचित वेगळं, त्यामुळे जवळचा फोकस आणखी हलतो. म्हणजे मी डोळे धरणार आणि शार्प येणार कान. मोठ्ठ्या एफ नंबराचं फॅड तिथेच उतरलं. (एफ नंबर लहान तितकी लेन्स मोठी, हा उलटा हिशोब आईला समजवायला मला दोन चहा लागले.)

उरल्या दोन, दोन्ही बेसाच्या घरच्याच. 90 मिलिमीटर एफ-3.5ची अ‍ॅपो-लँथार आणि 75 मिलिमीटर एफ-2.5ची कलर-हेलिआर. लँथारची कीर्ती मोठी, चित्र चाकूसारखं. पण बेसाच्या खिडकीत 90ची फ्रेम टपाल तिकिटाएवढी दिसते, आणि त्या तिकिटात आईचे डोळे शोधायचे! शिवाय हेलिआर तिच्या दुप्पट उजेड घेते, आणि आमच्या हॉलमध्ये दुपारी चारनंतर उजेड म्हणजे ट्यूबलाइट. हेलिआर 230 ग्रॅमची, म्हणजे दोन बटाटे. पुण्यातल्या एका हौशी गृहस्थांकडे मिळाली, काच स्वच्छ, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात. दोन कव्हर स्टोरींचं मानधन गेलं. त्यातल्या एकीचं अजून जमाही झालं नव्हतं.

रविवारी दुपारी आई गॅलरीत मेथी निवडत बसली होती. बाहेर ढगाळ, उजेड मऊ. मी हॉलच्या दारात, दोन मीटरवर. एवढ्या अंतरावर ती मला विसरली होती. खिडकीत फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे मेथीची काडी कधी पिशवीकडे जातेय हे मला आधीच कळत होतं. चष्म्याची कड जुळली. क्लिक. पुन्हा जुळवली. क्लिक. पाच फोटो झाले.

“अगं, नीट काढ हो,” मान वर न करता आई म्हणाली. “तुझ्या बाबांसारखा खांद्यावर कुणाचा हात नको.”

मी कॅमेरा खाली घेतला. तिनं मेथीचे हात पदराला पुसले.

“थांब जरा, मोरपंखी साडी नेसून येते. ही फार मळकी आहे.”

रोलमध्ये अजून 31 फोटो होते.