आतला पदर

बाळाच्या वस्तूंना मराठीत नावांची वानवा नाही. दुपटे, बाळुते, लंगोट, झबले, टोपरे, कुंची, झोळी, चिमणाळे, मोहरीची उशी. यादी करायला बसले तर पान भरेल. बाळाच्या खोलीला मात्र आपल्याकडे शब्द नाही. ‘नर्सरी’ म्हटले की एक तर रोपवाटिका आठवते, नाहीतर बालवर्गाच्या प्रवेशाची रांग. आपल्याकडे होती ती बाळंतिणीची खोली, आणि ती कोणी सजवीत नसे. खिडक्यांना लावलेली जुनी पांघरुणे, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा-शेपांच्या धुरीचा वास, आणि त्या अंधारात कुठेतरी कापडाच्या गाठोड्यासारखे बाळ. खोली आईची, बाळ तिथे वस्तीला आलेले.

भाषेत एखादा शब्द नसतो तो का नसतो, हा प्रश्न आम्हा भाषा शिकविणाऱ्यांना सवयीनेच पडतो. जागेची टंचाई हे उत्तर अर्थातच खरे आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात बाळाला वेगळी खोली कुठून मिळणार? पण वाडे होते, चौसोपी घरे होती. तिथेही बाळासाठी आधीपासून सजवून ठेवलेली खोली असल्याचे माझ्या ऐकण्या-वाचण्यात नाही. मला वाटते, कारण जागेत नाही, काळात आहे. खोली सजवायची तर ती बाळ येण्याच्या आधी सजवावी लागते, आणि नेमका हा ‘आधी’च आपल्याकडे वर्ज्य होता.

हे सारे मनात येण्याचे निमित्त घरचे आहे. 2023 च्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला दुसऱ्यांदा दिवस गेले. तिच्या सदनिकेत एक लहान खोली आहे, तिथे इस्त्रीचे टेबल आणि रिकामी खोकी असत. ती मोकळी करून ती मला म्हणाली, “ताई, ही बाळाची खोली. विकत काही आणायचे नाही. सगळे हाताने करू या, जुन्यातून.” ती बँकेत नोकरी करते, पैशाचा प्रश्न नव्हता. तिने वहीत यादीच केली होती. आजीच्या लुगड्यांची गोधडी, खणाच्या तुकड्यांचे चिमणाळे, लग्नपत्रिकांच्या कागदी मण्यांचा पडदा, फुटक्या बांगड्यांचे तोरण. आईने ती वही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, मिटली आणि म्हणाली, “बाळ हातात येऊ दे. मग काय करायचे ते करा.”

आईच्या म्हणण्यामागे 2018 हे साल होते. बहिणीचा पहिला मुलगा अपुऱ्या दिवसांचा जन्मला आणि तिसऱ्या दिवशी गेला.

आईचा हा नियम काही तिने घडविलेला नव्हता. गर्भारपणाचा सारा आचार लपवण्याच्या दिशेने रचलेला दिसतो. पहिल्या महिन्यांतील ओटीचे नावच ‘चोरओटी’, चोळीचे नाव ‘चोरचोळी’. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते, फुलांची वाडी भरतात, गर्भवतीला धनुष्यबाण देऊन बसवतात. पण त्या सोहळ्यात बाळासाठी एक दोराही आणलेला नसतो. बाळंतविडा येतो तो बाळ आल्यावर. आणि बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचे ते जुन्या, वापरून मऊ पडलेल्या कापडात. नवे कापड खळीमुळे टोचते, हे व्यवहाराचे कारण झाले. दुसरे कारण आजी दबक्या आवाजात सांगत असे: नवे दिसले की नजर जाते. पाठोपाठ मुले गेलेल्या घरात पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावे ठेवीत, त्यातलाच हा प्रकार. मूल म्हणजे दगड, मूल म्हणजे केर, मूल म्हणजे चिंध्यांचे गाठोडे. इथे नेण्यासारखे काही नाही, असे कोणाला तरी भासवायचे. जुन्या कापडाची काटकसर ही अशी एक वेषांतराची युक्तीही होती.

याला अंधश्रद्धा म्हणून हसण्यापूर्वी आकडे पाहावेत. नमुना नोंदणी पद्धतीनुसार 1971 साली भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे 129 बालके वर्षाच्या आत दगावत होती. 2020 साली हा आकडा 28 होता, महाराष्ट्रात 16. माझी आजी बाळंत होत होती तो काळ तर 1971 च्याही कितीतरी आधीचा. तिची आठ बाळंतपणे झाली, मोठी झाली ती पाच मुले. उरलेल्या तिघांविषयी ती कधी बोलल्याचे आठवत नाही. कोणी विचारलेच तर ‘मधली गेली’ एवढेच. आनंदीबाई जोशींचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले आणि त्यातून त्या वैद्यकाकडे वळल्या, ही कथा आपण प्रेरणेची म्हणून शिकवतो. पण त्या कथेतील ‘दहा दिवस’ हा काळ त्या वेळच्या किती घरांत ओळखीचा असेल, याचा विचार आपण सहसा करीत नाही.

पाळणा हा गीतप्रकार वर्गात शिकविताना मी अनेक वर्षे त्याची रचना सांगत आले: पहिल्या दिवशी हे, दुसऱ्या दिवशी ते, अशी दिवसागणिक पुढे सरकणारी कडवी, बाराव्या दिवसापर्यंत किंवा त्याही पुढे. लोकगीतातील संख्याबद्ध रचनेचा नमुना म्हणून ते ठीक होते. 2018 नंतर मला त्या मोजणीत आणखी काही ऐकू येऊ लागले. जिथे तिसरा, पाचवा, दहावा असा एकेक दिवस हातात पडला म्हणजे मिळवलेला, तिथेच गाणे दिवस मोजते. पाचवी-सहावीला सटवी येऊन कपाळी लिहून जाते म्हणून कोरा कागद आणि लेखणी मांडून ठेवायची. म्हणजे तोवर ते कपाळ कोरेच. नाव ठेवायचे बाराव्या दिवशी. समारंभ म्हणून आपण जे पाहतो ते एका अर्थी टप्प्याटप्प्याने दिलेले आश्वासन आहे. आणि ते देताना कोणी घाई करीत नाही.

तेव्हा आईच्या बाजूने बोलायला माझ्याकडे पुष्कळ होते. तरी मी बहिणीच्या बाजूने उभी राहिले, त्याचे कारण सहा दुपटी.

पहिल्या खेपेला बहिणीने आईला न सांगता सहा दुपटी शिवली होती. नवऱ्याचे जुने सुती सदरे आणि स्वतःचे दोन विटके गाऊन उसवून, कडा दुमडून, साध्या टाक्यांनी. ती तिने कपाटात चादरींच्या मागे ठेवली होती. मूल गेल्यावर लक्षात आले की ते होते याची खूण म्हणून घरात दुसरे काहीच नाही. बारसे झालेले नसल्यामुळे नाव नव्हते. रुग्णालयाच्या कागदांवर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, एवढीच नोंद. दात न आलेल्या बाळाला दहन नाही, भूमी देतात, दहावे-तेरावे नाही. शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या त्या ‘पुन्हा होईल’ असे सांगून गेल्या. हेतू चांगलाच होता. पण त्या वाक्यात जे झाले ते झालेच नाही, असा अर्थ होता. ज्या आचाराने बाळाला नजरेपासून लपवायचे, तोच आचार बाळ गेल्यावर त्याच्या आईला रडायला काही हाती ठेवीत नाही, हे मला त्या वेळी प्रथम कळले. आजीची ‘मधली गेली’ ही दोन शब्दांची नोंदही मग मला वेगळी ऐकू आली. तिच्याजवळ दाखवायला दुपटेसुद्धा नव्हते.

आईने ती दुपटी कोणा गरजू बाळंतिणीला देऊन टाकावीत असे सुचविले. बहिणीने दिली नाहीत. पाच वर्षे ती चादरींच्या मागेच राहिली.

गोधडीचे काम सुरू झाले ते एका तडजोडीने. भाद्रपदात एके दिवशी आईनेच ट्रंकेतून आजीची दोन लुगडी काढून आणली आणि बहिणीपुढे ठेवून म्हणाली, “घरासाठी गोधडी शिवा. बाळासाठी म्हणू नका म्हणजे झाले.” भाषेच्या या पळवाटेबद्दल मी आईची कायमची ऋणी आहे. त्यानंतर सारे काही ‘घरासाठी’ होऊ लागले.

इरकली लुगड्याचे अंग सुती असले तरी पदर रेशमी असतो, काठही टोचरे. ते आधी उसवून बाजूला काढले. रंग उतरतो का हे पाहण्यासाठी कापड मिठाच्या पाण्यात घातले, मग गरम पाण्यात धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळविले. लहान मुलाची गोधडी ती, साधारण तीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद पुरते. खालचा पदर अंथरायचा, त्यावर आत भरायची कापडे सुरकुती न ठेवता पसरायची, वरचा पदर घालायचा, आणि चारी कडांना कच्चे टाके घालून मग धावदोऱ्याने बाहेरून आत, कडेकडेने मध्याकडे येत राहायचे. गाठ कधी वर राहू द्यायची नाही, ती पदरांच्या आत दडवायची. हे सारे आई लांब खुर्चीवर बसून, वर्तमानपत्र वाचण्याचे निमित्त करून सांगत होती. आठवडाभराने ती खुर्चीवरून उतरली आणि गोधडीच्या चौथ्या बाजूला येऊन बसली. तिचे टाके आमच्या टाक्यांच्या निम्म्याने लहान.

बाकीच्या यादीचे फारसे सांगण्यासारखे नाही. लग्नपत्रिकांचा पडदा अर्ध्यावर सोडून दिला, कारण मण्यांचा पडदा म्हणजे रांगत्या मुलाच्या तोंडात मणी. बांगड्यांचे तोरण त्याच कारणाने बाद झाले. खणाच्या त्रिकोणी तुकड्यांत कापूस भरून अकरा चिमण्या मात्र झाल्या. त्या आखूड दोऱ्यांनी, हात पोचणार नाही इतक्या उंच टांगल्या. मोहरीच्या उशीला बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट नकार दिला. तान्ह्या बाळाला उशी नको, झोपेत अंगावर-भोवती मऊ पांघरुणांचा ढीगही नको. गोधडी मग मांडीवर घेण्यासाठी आणि जागेपणी जमिनीवर अंथरण्यासाठी, असे ठरले. भिंतीवर हत्ती-घोडे चितारण्याचा बेत होता, त्याबाबतही वाचनात आले की नवजात बाळाला वीस-तीस सेंटीमीटरपलीकडचे स्पष्ट दिसत नाही. म्हणजे पाजणाऱ्या बाईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढेच. भिंतीवरचे हत्ती आपल्याचसाठी असतात. त्याला माझी हरकत नाही. बहिणीने एक हत्ती काढलाच.

‘टाकाऊतून टिकाऊ’ हा शब्दप्रयोग मला कधी फारसा आवडला नाही. त्यात टाकाऊपणा आधीच गृहीत धरलेला असतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला परिसरातल्या साध्या वस्तूंतून बालवाडीची साधने उभी केली, तेव्हा त्या वस्तू टाकाऊ म्हणून घेतल्या नव्हत्या, मुलांच्या ओळखीच्या म्हणून घेतल्या होत्या. आज दुकानांत ‘हातशिलाईची पारंपरिक गोधडी’ हजारो रुपयांना मिळते, आणि तिच्यात जुने कापड असेलच असे नाही. नवे कापड धुऊन जुने दिसावे असे केलेलेही असते. शिवणाऱ्या बाईला त्यातून चार पैसे मिळत असतील तर बरेच आहे. पण ती गोधडी कोणाची नसते. अमुक तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे तिच्याविषयी कोणी सांगू शकत नाही.

आत भरायच्या कापडांची वेळ आली तेव्हा आम्ही जुन्या मऊ चादरी काढून ठेवल्या होत्या. बहीण उठून आत गेली आणि ती सहा दुपटी घेऊन आली. आई तिथेच बसलेली होती. गेलेल्याचे कापड येणाऱ्याच्या अंगाखाली, म्हणजे आईच्या दृष्टीने याहून अशुभ काय असणार? मी तिच्याकडे पाहिले नाही. बहिणीने एकेक दुपटे उलगडून लुगड्याच्या पदरावर अंथरले, तीन वर, तीन खाली, शेजारी शेजारी. एकाचा कोपरा दुमडत होता. आईने हात लांब करून तो सरळ केला आणि म्हणाली, “जाड होईल. एक चादर कमी घाल.”

मुलगी झाली ती 2024 च्या संक्रांतीनंतर, पूर्ण दिवसांची. बारसे बाराव्या दिवशीच केले.

गोधडीचा इतका वापर झाला आहे की आजीच्या लुगड्याचे कापड मधोमध विरू लागले आहे. दोन ठिकाणी आतला निळा चौकडीचा सदरा दिसतो. गोधडीचे असेच असते, वरचा पदर झिजला की आतले रंग वर येतात. पूर्वी अशा वेळी वरून आणखी एक लुगडे चढवीत आणि गोधडी पुन्हा दहा वर्षे चाले. आईने तसे लुगडे धुऊन, वाळवून तयार ठेवले आहे. बहीण आज करू, उद्या करू म्हणते. मुलीला ते निळे ठिकाण सापडले आहे, आणि झोप आली की ती तिथे बोट घालून पडते.