भराव आणि शेजारचा चर

नव्या वर्षाची वही उघडताना व्यापारी आधी मागील शिल्लक ओढून घेतो. रस्त्याचा आराखडा करणाऱ्या अभियंत्याचीही रीत तीच आहे. त्याच्या लेखी मूळ जमीन ही आरंभीची शिल्लक होय; ती सोयीनुसार बदलता येत नाही.

आज हे काम सिव्हिल थ्रीडीसारख्या संगणक प्रणालीवर होते. मोजणीचे बिंदू जोडून जमिनीचे त्रिकोणी जाळे तयार होते, त्यावर रस्त्याचा छेद ठेवला जातो आणि भरावाची बाजू ठरलेल्या उताराने जमिनीला भेटेपर्यंत खाली उतरते. १:२ हा उतार धरला, तर ३ मीटर उंचीचा भराव सपाट जमिनीवर एका बाजूस ६ मीटर जागा घेतो.

आता भरावाच्या माथ्याच्या कडेपासून ५ मीटरवर शेतांचे पाणी नेणारा जुना चर आहे, असे समजावे. प्रणालीला आज्ञा असते ती केवळ जमीन गाठण्याची. त्यामुळे उतार चराची कड ओलांडून आत शिरतो आणि तळाशी किंवा पलीकडच्या काठाशी थांबतो. पडद्यावरील चित्र देखणे दिसते, मातीचे घनमीटरही निघतात. हिशेब जुळतो; चर मात्र बुजलेला असतो, आणि पावसाळ्यात त्याचे पाणी शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरते.

म्हणून जाणता अभियंता चराच्या दोन्ही कडा आणि तळ यांची स्वतंत्र मोजणी मागतो. या रेषा जाळ्यात धरल्या नाहीत, तर त्रिकोण चरावरून आडवे जातात आणि नकाशातून चरच नाहीसा होतो. मग तो जवळची कड वेगळी रेषा म्हणून आखून भरावाचा पायथा अंतर आणि उंची या दोन्हींनी तिच्याशी बांधतो. वळणावर छेद २० मीटरऐवजी ५ मीटरवर घेतो, कारण दोन छेदांमधील चराचे वळण एरवी नजरेतून सुटते.

एवढ्याने प्रश्न मिटत नाही. ६ मीटरचा उतार ५ मीटरांत बसवला की तो अधिक उभा होतो, आणि उभा भराव पावसात घसरू शकतो. तेव्हा स्थैर्य तपासणे, संरक्षक भिंत बांधणे, रस्ता थोडा सरकवणे, अथवा जमीनमालकाच्या संमतीने तेवढेच पाणी वाहील असा नवा चर आधी खोदून देणे, यांतून निवड करावी लागते. प्रत्येक मार्गाला खर्च आहे. चर बुजवण्याचा खर्च मात्र अंदाजपत्रकात दिसत नाही. तो दुसऱ्याच्या खात्यावर पडतो.

श्रावकाच्या दिग्व्रताच्या अतिचारांत क्षेत्रवृद्धी गणली आहे. तेथे मर्यादा स्वतःच आखलेली असते, तरीही ती हळूहळू सरकते, हे शास्त्रकारांनी ओळखले होते. शेजाऱ्याच्या चराची कड तर आपण आखलेलीही नसते. तिच्याबाबत अधिक जागरूक राहावे लागते.

गोदामाचा रस्ता किंवा कारखान्याचे आवार उंच करणारी कुटुंबे समाजात पुष्कळ आहेत. आराखडा समोर आला की बहुधा एकूण रक्कम पाहून सही होते. त्याआधी आडवे छेद मागवावेत आणि प्रत्येक छेदावर चर कोठे आहे, हे बोट ठेवून विचारावे.